खाडीतली फ्लाय-फिशिंग स्पर्धा: तिथी, टिपेट आणि मोजपट्टी

मित्रामित्रांची स्पर्धा भरवायची तर तारीख ठरवताना सुट्टीच्या आधी तिथी बघा. कोकण किनाऱ्यावर भरतीचा ढोबळ हिशोब जुनाच आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठला, अमावास्या-पौर्णिमेला अकरा ते बाराच्या दरम्यान. फ्लायला, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेल्या नकली भक्ष्याला, वाहतं पाणी लागतं आणि ते बऱ्यापैकी नितळही लागतं. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, ओढ भरपूर असते, पण गाळ ढवळून पाण्याचा चहा होतो आणि माशाला फ्लाय दिसतच नाही. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, पाणी स्वच्छ, पण जागचं हलत नाही. शिवाय उधाणाची ओहोटी येते दुपारी आणि तेव्हा समुद्रावरचा खारा वारा सुटलेला असतो. त्या वाऱ्यात नवख्याची लाइन (फेकायची दोरी) पंधरा मीटरही जात नाही.

म्हणून दशमी-एकादशी धरा, पक्ष कोणताही चालेल. भांग सरलेला असतो, साडेसात-आठला भरती होते आणि पुढची ओहोटी सगळी सकाळ मिळते. अकरापर्यंत जमिनीकडून येणारा मतलई वाराही सहसा बेताचा असतो. खारफुटीतले ओहळ रिकामे होताना बोयची पिल्लं आणि कोलंबी बाहेर येतात. जिताडा आणि तांबोशी त्या तोंडाशीच टपलेले असतात. दोन दिवसांची स्पर्धा असेल तर दुसऱ्या दिवशीची सुरुवात पाऊण तासाने पुढे ढकला. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा वळतं. हिशोब छापील भरतीकोष्टकाशी ताडून घ्या, पण शेवटचा शब्द तिथल्या नाखव्याचा. महिना नोव्हेंबर ते मार्च. पावसाचं गढूळ पाणी ओसरल्याशिवाय घाई नको.

बारा ते सोळा जण पुरे. होडीत दोन स्पर्धक आणि एक नाखवा. जोड्या चिठ्ठ्या टाकून लावा, एकत्र आलेल्या दोस्तांना एका होडीत बसवू नका, कारण प्रत्येकाचा मासा दुसऱ्याने मोजायचा आहे. नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) एका वेळी एकच जण कास्ट करेल, म्हणजे लाइन फेकेल. वीस मिनिटं किंवा एक मासा, जे आधी होईल तिथे पाळी बदलायची. पाळीचं भांडण हेच अशा स्पर्धेतलं नेहमीचं भांडण, त्यामुळे घड्याळ नाखव्याच्या हाती द्या. वारा उजव्या खांद्यावरून येत असेल तर उजव्या हाताच्या माणसाची फ्लाय सरळ डोक्याकडे येते. टोपी आणि चष्मा नसेल त्याला होडीत घेऊ नये.

साहित्याला आयजीएफएचे (आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनचे) नियम जसेच्या तसे लावा, वाद मिटतात. क्लास टिपेट (लाइनच्या टोकाकडचा ठरावीक ताकदीचा बारीक धागा) जास्तीत जास्त 20 पौंडांचा आणि गाठी सोडून किमान 15 इंच. त्यापुढचा, फ्लायला लागून असलेला जाड तुकडा गाठींसह 12 इंचांपेक्षा मोठा नको. तो तुकडा 40 पौंडी फ्लुरोकार्बनचा ठेवा, जिताड्याचं खरबरीत तोंड बारीक टिपेट घासून तोडतं. 9 फुटी, 8 किंवा 9 नंबरचा रॉड आणि हळू बुडणारी इंटरमीडिएट लाइन बहुतेक ठिकाणी चालते. थंड पाण्यासाठी बनवलेली लाइन मात्र आणू नका, आपल्या उन्हात ती मऊ पडून रॉडच्या कड्यांत (गाइडमध्ये) चिकटते. 1/0 गळावर बांधलेली पांढरी-पोपटी क्लाउझर फ्लाय प्रत्येकाच्या डबीत असावी. तिच्या जड डोळ्यांमुळे गळाचं टोक वर राहतं आणि ती कालवांत कमी अडकते. आमिष, वासाचं तेल, चालत्या होडीमागे फ्लाय ओढणं, सगळं बाद. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबलेला हवा. तपासायचा कसा? सुती फडक्यात टोचून मागे ओढा; धागा अडकला तर काटा शिल्लक आहे.

गुण सेंटिमीटरवर द्या, वजनावर नको. किमान 30 सेंटिमीटर, प्रत्येकाचे सर्वांत लांब तीन मासे, आणि प्रत्येक नव्या जातीला 20 गुण जादा. हा बोनस नसेल तर एखादा शेंगाळ्यांच्या थव्यावर बसून स्पर्धा मारून नेतो. जिताड्याला 80 सेंटिमीटरची कमाल मर्यादा लावा, त्यापुढे सगळ्यांना 80च. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. चार सेंटिमीटर जास्त मिळावेत म्हणून अंड्यांवरच्या मादीला मोजायच्या फळीवर ताटकळत ठेवणं परवडणारं नाही.

मोजायला कापडी टेप चालत नाही. तो पोटाच्या फुगीवर बसतो आणि लांबी वाढवतो. एका टोकाला उभी पट्टी असलेली कडक फळी घ्या आणि ती आधी ओली करा, तापलेल्या कोरड्या फळीवर माशाचा बुळबुळीत थर निघून जातो. तोंड मिटून पट्टीला टेकवा. जिताड्याची शेपटी गोल, तिची टोकापर्यंत लांबी घ्या. खाच असलेल्या शेपटीला खाचेपर्यंत. सकाळी वाटलेलं नंबरचं टोकन माशाशेजारी ठेवून एकच फोटो काढा. नाक बोटांनी झाकलं असेल किंवा शेपटी चौकटीबाहेर गेली असेल तर मासा बाद. मासा आपल्या बळावर पोहत गेला नाही तर शून्य. जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी कापते, तेव्हा ओठाला पकड आणि पोटाखाली ओला हात. उभा लटकवू नका.

मच्छिमार सोसायटीला आठवडाभर आधी सांगा, आणि डोल जाळ्यांच्या खुंटांपासून लांब राहा. त्यांचं ते पोट आहे. चिखलात उतरायचंच असेल तर पाय घासत चाला. पाकट पावलाखाली आली तर काटा मारते, पाय नुसता लागला तर निघून जाते.

खाडीत निम्म्या लोकांना एकही मासा न लागणं अगदी शक्य आहे. त्यासाठी धक्क्यावर 10, 14 आणि 18 मीटरवर सायकलच्या जुन्या टायरच्या रिंगा ठेवा आणि रिंगेत नेम साधायला प्रत्येकाला तीन-तीन कास्ट द्या, त्याचे गुण धरा. बरोबरीही याच गुणांवर सोडवता येते. फक्त इथे फ्लायऐवजी लोकरीचा झुपका बांधा, बघे जवळ उभे असतात.