ग्राहक ‘टर्न अप’ म्हणतो तेव्हा

ब्रिटिश ग्राहकांच्या सपोर्ट डेस्कवर नव्याने रुजू होणाऱ्यांना मी पहिल्याच आठवड्यात एक क्रियापद कान देऊन ऐकायला सांगते: टर्न अप. ‘अरायव्ह’ शाळेपासून माहीत असतं. दोन्हींचा अर्थ ‘येणं’ असा धरून मुलं पुढे जातात आणि ग्राहकाचा सूर निसटतो.

‘द इंजिनीअर डिडन्ट टर्न अप.’ इंजिनीअर येणार म्हणून मी घरी थांबलो होतो, हे त्या वाक्यात न बोलता आलेलं असतं. तेव्हा आधी दिलगिरी, मग तिकीट नंबर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीचा क्रमांक. ‘ही टर्न्ड अप ॲट फोर’ म्हणजे आपल्याकडचं ‘चार वाजता उगवला’! उशीर केला किंवा न कळवता आला, ते आधीच्या वाक्यांवरून ओळखायचं.

म्हणूनच भेटीची वेळ देताना आपण हे क्रियापद टाळावं. ‘अवर इंजिनीअर विल टर्न अप ॲट टेन’ यात खात्री वाटत नाही, येईल तेव्हा येईल असा ढिलेपणा जाणवतो. ‘ही विल बी विथ यू बाय टेन’ म्हणा. ‘बाय’मुळे दहाच्या आत येण्याचा शब्द दिला जातो, तेव्हा वेळापत्रक बघूनच बोला.

वस्तूंनाही हेच क्रियापद लागतं. ‘माय पार्सल हॅजन्ट टर्न्ड अप’ म्हणजे पार्सल मिळालेलं नाही. पण हरवलेल्या किल्लीबद्दल कोणी ‘इट विल टर्न अप’ म्हणालं, तर तो दिलासा असतो: सापडेल कुठेतरी.

दरवेळी नाराजीच असते असंही नाही. ‘जस्ट टर्न अप’ म्हणजे आधी बुकिंग नको, थेट या. लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, अपंग प्रवाशांना आधी न कळवता मदत मिळते, त्या सेवेचं नावच ‘टर्न अप अँड गो’ आहे.

येण्याच्या अर्थाने या क्रियापदाला कर्म नसतं, त्यामुळे ‘वॉज टर्न्ड अप’ असं कधीच लिहू नका. कर्म आलं की अर्थ बदलतो: ‘टर्न द व्हॉल्यूम अप’, आवाज वाढवा. अमेरिकन ग्राहक बहुधा ‘शो अप’ म्हणतात. तिथेही कर्म सांभाळा. ‘ही शोड मी अप’ म्हणजे त्याने मला चारचौघांत खाली पाहायला लावलं.

कॉलनंतर तिकिटात मात्र ‘इंजिनीअर डिड नॉट अटेंड’ असं साधं लिहा आणि पुढे ठरलेली वेळ टाका. फील्ड टीमला तेवढंच लागतं.