मोटर बदलण्याआधी : टेक्निकच्या चालत्या गाड्यांवर वाद घालताना या चुका टाळा

लेगो टेक्निक म्हणजे गिअर आणि दांडे जोडून खरी हलणारी यंत्रं बांधायचे लेगोचे संच. त्यातली मोटरवाली गाडी घेतलेले चार जण एकत्र बसले की अर्ध्या तासात तट पडतात. एकाचं म्हणणं, एवढे पैसे मोजले आणि गाडी जागची हलत नाही. दुसऱ्याला वाटतं, कंपनीने मोटरींत हात आखडता घेतला. तिसऱ्याने तोवर मोठी मोटर मागवलेलीसुद्धा असते. तक्रारी बहुतेक खऱ्याच असतात, चुकतं ते निदान. अमुक रचना वाईट आहे असं ठरवण्याआधी, ती तशी करून बनवणाऱ्याने काय मिळवलं आणि काय सोडलं हे पाहायला हवं. ते न पाहता केलेल्या दुरुस्त्या गाडीला महागात पडतात.

हळू चालते म्हणजे कमजोर आहे, असं समजणं

सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात, म्हणून थोडं गणित करू.

पॉवर फंक्शन्स ही मोटरींची जुनी मालिका २००७ साली आली. तिच्यातली एक्सएल मोटर ९ व्होल्टवर, काही भार नसताना, मिनिटाला सुमारे २२० फेरे घेते आणि पूर्ण अडवली तर सुमारे ४० न्यूटन-सेंटिमीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. समजा ही मोटर थेट चाकाला जोडली आणि चाकाचा व्यास ८ सेंटिमीटर आहे. एका फेऱ्यात गाडी साधारण २५ सेंटिमीटर पुढे जाईल, म्हणजे मिनिटाला ५५ मीटर. माणूस रमतगमत चालतो तेवढा वेग झाला. छान वाटतं.

आता तीच गाडी २ किलोची आहे आणि तिला घरातल्या जिन्याएवढ्या, ३० अंशांच्या चढावर चढवायचं आहे असं धरा. तिला मागे ओढणारं बल जवळजवळ १० न्यूटन. चाकाची त्रिज्या ४ सेंटिमीटर, म्हणजे चाकांवर एकूण ४० न्यूटन-सेंटिमीटर टॉर्क लागणार. मोटर पूर्ण अडवल्यावर जेवढा देते तेवढाच! गाडी चढावर थांबून गुरगुरत राहील, बस.

२०१९ च्या ४२०९९ या ऑफ-रोडर संचात चाकाच्या हबमध्येच, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या भागातच, ग्रहगिअर आले : मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरून वेग कमी करतात आणि जोर वाढवतात. त्यांचं गुणोत्तर ५.४ ला १. आपल्या कल्पित गाडीला ते हब लावले तर त्याच चढासाठी मोटरकडून साडेसात न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास टॉर्क पुरतो. घर्षणात थोडा जातो तो धरूनही काम आरामात होतं. किंमत मात्र वेगात मोजावी लागते. आता गाडी मिनिटाला १० मीटर जाते, म्हणजे ५ मीटरच्या हॉलमध्ये या टोकापासून त्या टोकाला जायला अर्धा मिनिट.

या हबचा दुसरा फायदा वादात सहसा कुणी काढत नाही. वेग चाकापाशी, अगदी शेवटी कमी केला, की त्याआधीचे अ‍ॅक्सल आणि युनिव्हर्सल जॉइंट (वाकूनही फिरवत राहणारे सांधे) यांच्यावरचा पीळ ५.४ पटीने कमी होतो. हीच कपात मोटरजवळच्या गिअरबॉक्समध्ये केली असती, तर तो सगळा टॉर्क प्लॅस्टिकच्या लांब अ‍ॅक्सलमधून आणि जॉइंटमधून चाकापर्यंत न्यावा लागला असता. अ‍ॅक्सल पिळवटतो, जॉइंट निसटतो, आणि दोष मोटरीच्या माथी जातो. सस्पेन्शनवाल्या गाडीत कपात शेवटी करणं हा माझ्या मते गेल्या काही वर्षांतला टेक्निकमधला सगळ्यात शहाणा निर्णय आहे. ज्यांना पळणारी गाडी हवी होती त्यांचा हिरमोड झाला हे खरं, पण त्यांनी चुकीचा संच निवडला होता.

सांगाड्याचं घर्षण न तपासता मोटरीला दोष देणं

मोठी मोटर मागवण्याआधी ही तपासणी करा. मोटर काढून ठेवा. गाडी एका डब्यावर ठेवून चारही चाकं अधांतरी करा. मोटर जिथे जोडली जाते तिथे एक छोटा अ‍ॅक्सल घालून दोन बोटांनी फिरवा. सगळी यंत्रणा सहज आणि एकसारखी फिरायला हवी. अडखळली, किंवा फेऱ्यात ठरावीक जागी जड लागली, तर मोटर निर्दोष आहे.

मग एकेक टप्पा सुटा करत मागे जा. आधी चाकं, मग डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा जोड), मग मधला अ‍ॅक्सल. नव्वद टक्के वेळा आरोपी बुश, म्हणजे दांडा जागेवर धरणारी छोटी कडी, निघतो. हौशी माणूस अ‍ॅक्सल हलू नये म्हणून बुश बीमवर (भोकं असलेल्या पट्टीवर) दाबून बसवतो आणि तिथे ब्रेक तयार होतो. बुश आणि बीम यांच्यात केसभर जागा हवी, अ‍ॅक्सल किंचित पुढेमागे सरकला तरी चालेल. दुसरा संशयित म्हणजे अर्धवट बसलेली पिन. ती पूर्ण आत गेलेली नसेल तर दोन बीम समांतर राहत नाहीत, आणि त्यांतून जाणारा अ‍ॅक्सल कायम वाकलेल्या अवस्थेत फिरतो.

यंत्रणेत वर्म गिअर (स्क्रूसारखा आटे असलेला) असेल तर मात्र चाकाकडून फिरवून बघू नका. वर्म गिअर फक्त एकाच दिशेने, मोटरकडून पुढे, गती देतो. उलट जोर लावला तर काहीतरी तुटेल, आणि तो वर्म गिअर नसेल.

सगळं मोकळं फिरतंय, तरी भार आला की आत "कडक्" असा आवाज येतो? मग गिअर दात सोडतायत. काटकोनात जुळणारे बेव्हल गिअर भाराखाली एकमेकांना दूर ढकलतात, तो त्यांचा स्वभावच आहे. दोन्ही अ‍ॅक्सलना दोन्ही बाजूंनी बीमचा आधार नसेल तर चौकट फाकते आणि दात सुटतात. इथे मोठी मोटर बसवली तर दात आणखी जोरात सुटतील. चौकटीला एक आडवा बीम लावा, दहा रुपयांत काम होईल.

पांढरा गिअर काढून टाकणं

बऱ्याच संचांत २४ दातांचा पांढरा गिअर असतो. त्याच्या अंगावर २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटर अशी खूण कोरलेली असते. टॉर्क त्यापलीकडे गेला की तो आतल्या आत घसरतो आणि टिकटिक करतो. "इथे ताकद वाया जाते" असं म्हणून त्याच्या जागी साधा २४ दातांचा गिअर बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत. मग स्टिअरिंग शेवटच्या टोकाला अडकतं, मोटर ढकलत राहते, आणि अ‍ॅक्सल दोरीसारखा पिळला जातो.

लिनिअर अ‍ॅक्च्युएटरच्या आतही (म्हणजे फिरवलं की लांब-आखूड होणाऱ्या दांड्यात) असाच घसरणारा क्लच असतो. बुलडोझरचं पातं पूर्ण वर गेल्यावर जी टिकटिक ऐकू येते ती त्याची. तो बिघाड नाही, बटण सोडण्याचा इशारा आहे. मधल्याच उंचीवर टिकटिक होत असेल तेव्हा मात्र लक्ष द्या. एकतर पात्यावर भार जास्त आहे, नाहीतर दोन अ‍ॅक्च्युएटर एकाच लांबीवर ठेवून जोडलेले नाहीत आणि एक दुसऱ्याला ओढतोय. दोन्ही पूर्ण मिटवा, मग जोडा.

डिफरन्शियल "बिनकामाचा" ठरवणं

एक चाक हवेत गेलं की तेच गरगर फिरतं आणि जमिनीवरचं ढिम्म उभं राहतं. मग सल्ला येतो : डिफरन्शियल काढून सरळ अ‍ॅक्सल घाला. खडकाळ चढावर हा सल्ला बरोबरच आहे. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, त्यामुळे हवेतल्या चाकाला जेवढा कमी लागतो तेवढाच जमिनीवरच्या चाकाला मिळतो.

पण वळणावर आतलं चाक कमी अंतर कापतं आणि बाहेरचं जास्त. सरळ अ‍ॅक्सल असला की दोघांना सक्तीने सारखे फेरे घ्यावे लागतात. गुळगुळीत फरशीवर टायर घसरतात म्हणून हे जाणवत नाही. तीच गाडी गच्चीच्या खरबरीत कोब्यावर न्या, प्रत्येक वळणाला युनिव्हर्सल जॉइंट कुरकुरतील. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. चिखलात डिफरन्शियल लॉक दाबायचा आणि वळण्याआधी सोडायचा, हे ट्रॅक्टर चालवणारा पहिल्याच पावसाळ्यात शिकतो.

२०२१ च्या मर्सिडीज झेट्रोस संचात (४२१२९) हीच सोय दिली आहे, डिफरन्शियल हवा तेव्हा लॉक करता येतो. त्यावरही टीका झाली, "लॉकवर मोटर खर्ची घातली, तीच चाकांना द्यायची." मला ही टीका पटत नाही. चाक हवेत असताना जास्त ताकद दिली तर ते फक्त जास्त जोरात फिरतं.

मोटरींची संख्या मोजून संचाचा निकाल लावणं

इथे दोन्ही बाजूंना तथ्य आहे, म्हणून जरा थांबू. २०१९ चा लीबहेर आर ९८०० हा एक्स्कॅव्हेटर (४२१००) : ४,१०८ तुकडे, ७ मोटरी, २ हब (इथे चाकाचे नव्हे, मोटरींना वीज आणि आज्ञा देणारे डबे). २०२१ चा कॅट डी११ बुलडोझर (४२१३१) : ३,८५४ तुकडे आणि फक्त ४ मोटरी. त्यांतल्या दोन पट्टे फिरवतात. तिसरी गिअरबॉक्समध्ये कुठलं काम करायचं ते निवडते आणि चौथी ते काम करते. पातं, मागचा रिपर (जमीन उकरणारा दात) आणि चक्क शिडीसुद्धा एकाच मोटरीवर.

गिअरबॉक्सच्या बाजूने बोलणारे म्हणतात, टेक्निकची मजाच त्यात आहे. बांधताना एक मोटर चार ठिकाणी कशी पोचते हे कळतं. मान्य. पण खरं यंत्र तसं चालत नाही. रस्त्याच्या कामावर जेसीबी पाहा. इंजिन एकच असतं, पण पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यामुळे चालक दोन्ही हातांनी दोन दांडे धरून बूम उचलत उचलत बकेट वळवतो. ते एकाच वेळी होणं हाच त्या कामाचा जीव आहे. एक्स्कॅव्हेटरला म्हणूनच प्रत्येक हालचालीला वेगळी मोटर शोभते. बुलडोझरचं तसं नाही. त्याचं पातं एकदा ठरलं की मशीन पुढे जात राहतं, त्यामुळे तिथे निवड करणारा गिअरबॉक्स खटकत नाही. शिडीला त्यात जागा देण्याऐवजी पात्याला स्वतःची मोटर दिली असती तर मी जास्त खूश झालो असतो, एवढंच.

गिअरबॉक्सवाल्या संचात बिघाड झाला तर एक खूण लक्षात ठेवा. एकच काम होत नसेल तर दोष त्या कामाच्या फांदीत आहे. सगळीच कामं अडखळत असतील तर निवड करणारा भाग अर्ध्या दातावर अडकलाय. तो एक पायरी मागे घेऊन पुन्हा पुढे आणा. बांधताना हा भाग कुठल्या स्थितीत हवा हे पुस्तिकेतल्या चित्रात असतं, आणि नेमकं तेच पान घाईत उलटलं जातं.

सेल, मोबाइल आणि ऊन

सहा पेन्सिल सेल लागतात. साधे सेल १.५ व्होल्टचे, एकूण ९. रिचार्जेबल १.२ व्होल्टचे, एकूण ७.२. म्हणजे सेल बदलल्याबरोबर वेगात फरक पडणारच, तो दोष नाही. रिचार्जेबल सेल भाराखाली कमी ढेपाळतात, म्हणून मोठ्या गाडीला मी तेच वापरेन. नवे आणि अर्धे संपलेले सेल एकत्र घालू नका, सगळ्यात अशक्त सेल बाकीच्यांना खाली ओढतो.

मोटर अडकून राहिली आणि अचानक मेली? जुन्या मालिकेच्या मोटरींत जादा करंटपासून संरक्षण असतं. अडथळा काढा, थोडा वेळ गार होऊ द्या, बहुधा पुन्हा चालेल.

२०१९ पासूनचे मोठे संच मोबाइलवरच चालतात. मला हा निर्णय आवडत नाही. काचेवर बोट ठेवल्यावर दांड्याचा अंदाज येत नाही आणि नजर मशीनवर राहण्याऐवजी पडद्यावर जाते. पण जुना इन्फ्रारेड रिमोट फार गुणी होता असंही नाही. भर उन्हात अंगणात तो ओळखच दाखवत नाही, कारण सूर्यप्रकाशातच इन्फ्रारेड भरपूर असतो. अशी गाडी बाहेर अडली तर सावलीत नेऊन बघा, मगच उघडा.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर नव्या संचांत ती सुरू होताना स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन मध्य शोधते हे आठवा. एका बाजूला टायर मडगार्डला घासत असेल तर तेच टोक समजलं जातं आणि मध्य चुकतो. टायर मोकळा करा, पुन्हा सुरू करा. जुन्या सर्व्होचं (स्टिअरिंग वळवणाऱ्या मोटरीचं) उलट आहे, तो मध्यावर आणूनच गाडीत बसवावा लागतो.

जुना संच विकत घेणार असाल तर आधी प्लग बघा. पॉवर फंक्शन्सचा प्लग नव्या हबमध्ये बसत नाही आणि नव्याचा जुन्यात नाही, त्यामुळे "मोटरी आहेत, फक्त हब नाही" असं म्हणणाऱ्याला कुठल्या मालिकेच्या मोटरी ते विचारा. आणि चालत्या गाडीचा व्हिडिओ मागाल तेव्हा ती चाकं वर करून नको, जमिनीवर आणि चढावर चालताना मागा.