आज्यांसोबत चित्रं काढायला बसताना

एमएच्या प्रबंधासाठी मी दांडिया बाजारातल्या सहा आज्यांसोबत बसते. सगळ्या लग्न होऊन बडोद्यात आलेल्या. घरात मराठी, बाजारात गुजराती. ‘मी कुठली?’ हाच माझा विषय.

संमतीपत्र आधी मोठ्याने मराठीत वाचून दाखवा. चित्र कुणाचं, फोटो काढू का, नाव बदलू का, हे वेगवेगळं विचारा. कोरा कागद भीती घालतो, म्हणून मी ऑइल पेस्टल देते आणि म्हणते, “माहेरचं दार काढा.” मग गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड.

“याचा अर्थ काय?” असं कधीच विचारू नका. “इथे काय चाललंय?” एवढंच. एका आजींनी दाराला कडीच काढली नाही. मी लगेच अर्थ लावला, तो चुकला. त्यांच्याकडे दार कधी बंदच होत नसे! तेव्हापासून वहीत त्यांचे शब्द डाव्या पानावर, माझे उजव्या.

‘आर्ट थेरपी’, म्हणजे चित्रांच्या मदतीने मनावर उपचार, हा शब्द चित्रकार एड्रियन हिलने १९४२ साली रूढ केला. क्षयरोगातून बरं होताना त्याला चित्रांनीच सावरलं होतं. पण आपण विद्यार्थी, थेरपिस्ट नाही. कुणाला रडू आलं तर रंग बाजूला ठेवा, पाणी द्या, वही मिटा. समुपदेशकाचा नंबर पहिल्या दिवसापासून जवळ हवा.