बास गरवायचा तर आमिष पडू द्या

मी मूळचा मालवणचा. सध्या अलाबामात सिव्हिलचं एमएस करतोय आणि कॉलेजच्या बास (गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा) फिशिंग क्लबात आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात कॉलेजांचे मासे गरवायचे क्लब असतात, त्यांच्या आंतरकॉलेज स्पर्धा होतात, जर्सी असतात, प्रायोजक असतात, हे घरी सांगितलं तेव्हा वडिलांना वाटलं पोराने अभ्यास सोडला. प्रकरण चेष्टेचं नाही. २०१७ आणि २०१८ असा लागोपाठ दोनदा बासमास्टर क्लासिक ही बास गरवायची मोठी व्यावसायिक स्पर्धा जिंकणारा जॉर्डन ली ऑबर्न विद्यापीठाच्या अशाच संघातून वर आला.

दर ऑगस्टला नवीन मराठी पोरं येतात आणि 'आम्हालाही घेऊन चल' म्हणतात. तेच तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. क्लबात प्रत्येकाची लाडकी पद्धत वेगळी आहे आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. सगळ्यांच्या बोटींत मागे बसून मी एक गोष्ट पाहिली: पद्धत कुठलीही असो, मासा लागतो तो आमिष पडत असताना, नाहीतर ते अचानक थांबतं तेव्हा. ओढत असताना क्वचित. बाकी सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी लायसन्स. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या आपल्यासारख्या विद्यार्थ्याला अलाबामात ते लागतं, ऑनलाइन दहा मिनिटांत मिळतं. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला कुठला दर हे राज्याराज्यात बदलतं, ते वन्यजीव खात्याच्या साइटवर बघूनच पैसे भरा. खिशात लायसन्स नसताना 'मी फक्त मित्राचा रॉड धरला होता' हे वॉर्डन ऐकून घेत नाही.

सामानाच्या बाबतीत माझं मत क्लबातल्या बहुतेकांना पटत नाही. दुकानात भिंतभर आमिषं टांगलेली असतात. त्यातली निम्मी माशाला नव्हे, गिऱ्हाइकाला लागावीत म्हणूनच केलेली आहेत. सुरुवातीला एक सात फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, २५०० किंवा ३००० नंबरचं रीळ, त्यावर दहा पौंडी वेणीची (विणलेली) लाइन आणि पुढे चार-पाच हात आठ पौंडी फ्लुरोकार्बन (पारदर्शक लाइन), एवढं पुरतं. बेटकास्टर (आडवं फिरणारं रीळ) नंतर घ्या. त्याचं रीळ अंगठ्याने आवरावं लागतं, नाहीतर लाइनचा असा गुंता होतो की संध्याकाळ सोडवण्यात जाते. आपल्याकडचं तंगूस हातात धरून गरवलेलं असेल तर मात्र तुमचा अर्धा अभ्यास झालेला आहे, कारण बोटाने लाइन वाचायची सवय इथल्या पोरांना मुद्दाम लावून घ्यावी लागते.

आता मासा. लार्जमाउथ बास म्हणजे दबा धरून बसणारा. आपल्या चोणकाचा (रायगडवाल्यांचा जिताडा) स्वभाव ठाऊक असेल तर हा लगेच कळेल. बुंधा, जेटीची सावली, गवताची कड, अशा आडोशाला तो असतो. तो चावत नाही. तोंड भसकन उघडतो, पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो आणि पाणी कल्ल्यांतून सोडतो. खाडीत गरीला कोळंबी लावून बसलो तर मासा ती गिळतो, घाई नसते. प्लास्टिकच्या गांडुळाला तो क्षणात ओळखतो आणि थुंकतो. म्हणून 'दोरी ओढली की कळेल' म्हणून बसाल तर काही कळणार नाही. कधी नुसतं टिक्‌ होतं. कधी लाइन बाजूला सरकायला लागते. कधी आमिषाचं वजनच नाहीसं होतं, कारण मासा ते घेऊन तुमच्याकडेच येत असतो. या तिन्ही वेळा मासा लागलेला असतो.

माझी स्वतःची पद्धत वॅकी रिग (रिग म्हणजे गळाला आमिष लावायची रीत), तीही नाइलाजाने. माझ्याकडे बोट नाही, त्यामुळे मी कायम मागच्या सीटवर. पुढचा माणूस ट्रोलिंग मोटर (बोट हळू सरकवणारी छोटी विजेची मोटर) चालवतो, चांगल्या जागा आधी तोच मारतो. त्याने घाईघाईने सोडलेल्या पाण्यात माझं आमिष त्याच्यापेक्षा सावकाश पडलं पाहिजे. पाच इंची मऊ प्लास्टिकची, मीठ घातलेली काडी घ्यायची, तिच्या मधोमध छोटं रबरी कडं चढवायचं आणि त्या कड्याखालून एक नंबरचा गळ घालायचा. कडं नसेल तर दोन माशांत काडी फाटते. शिसं अजिबात नाही. जेटीच्या सावलीत टाकलं की काडी आडवी राहून दोन्ही टोकं थरथरवत खाली जाते, आठ फूट पाण्यात बराच वेळ घेते. तेवढा वेळ रीळ फिरवायचं नाही, लाइन किंचित सैल ठेवून नुसतं बघत बसायचं. ती पाण्यात जिथे शिरते त्या बिंदूवर नजर ठेवा. उडी मारली, सरकली, किंवा तळ यायच्या आधीच पडायची थांबली, की ढील गुंडाळा आणि रॉड बाजूला ओढून घ्या. जोरात झटका नको, बारीक गळ तेवढ्यानेच बसतो. काही नाही झालं तर रॉड वर करून पुन्हा पडू द्या. एप्रिल-मेमध्ये कॉलेजजवळच्या तळ्यांवर काठावरून गरवायला याच्याइतकं सोपं काही नाही.

टेक्सास रिग शिकावी तर टेक्सासच्या माणसाकडून. आमच्या क्लबातली एक मुलगी टेक्सासमधल्या लेक फोर्क या तलावाच्या बाजूची आहे. प्लास्टिकचं गांडूळ ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीमने १९४९ साली बनवलं हे खरं, पण ते अडचणीच्या जागी कसं घालावं हे टेक्सासने शिकवलं, असं ती ठासून सांगते. आधी लाइनमध्ये गोळीच्या आकाराचं शिसं ओवायचं, पाव औंस, म्हणजे सात ग्रॅम. मग तीन-शून्य नंबरचा ऑफसेट (डोळ्याजवळ वळण दिलेला) गळ बांधायचा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात सरळ अर्ध्या सेंटीमीटरवर घालून बाजूने बाहेर काढा, गळ फिरवा, डोकं वर गळाच्या डोळ्यापर्यंत (लाइन बांधायच्या भोकापर्यंत) सरकवा. आता गळ गांडुळाच्या अंगाला लावून बघा, वाक कुठे येतो ते नखाने खुणेला दाबा आणि बरोबर तिथेच टोक आरपार घाला. शेवटी टोक पाठीच्या कातडीत हलकेच लपवा. गांडूळ सुईसारखं सरळ दिसलं पाहिजे. जरा जरी वाकडं राहिलं तर पाण्यात गरगर फिरतं, लाइनला पीळ पडतो आणि मासा तोंड फिरवतो. ती मुलगी प्रत्येक वेळी आमिष डोळ्यांसमोर धरून, एक डोळा मिटून तपासते. वेळ जातो, पण मासेही तिलाच जास्त लागतात.

अशा रिगमध्ये गळ अडकत नाही, म्हणून तो थेट पडलेल्या झाडात टाकायचा. फांदीवरून ओढायचा, आणि फांदी ओलांडली की ढील देऊन पलीकडे सरळ खाली पडू द्यायचा. ढील दिली नाही तर शिसं झोका घेऊन तुमच्याकडे येतं आणि झाडाखालचा मासा तिथेच राहतो. नवीन माणसाला हेच सांगून पटत नाही. हात आपोआप लाइन ताणतो.

गंटर्सव्हिल हे आमचं पंढरपूर. टेनेसी नदीवर टीव्हीएने (टेनेसी व्हॅली अथॉरिटी या सरकारी संस्थेने) १९३९ मध्ये धरण पुरं केलं, त्यामागचा हा साधारण ६९ हजार एकरांचा जलाशय. पाण्याखाली हायड्रिला, मिलफॉइल आणि ईलग्रास या पाणगवतांची रानं. तिथलाच एक मेकॅनिकलचा मुलगा फेब्रुवारी लागला की दुसरं काही हातात धरत नाही: अर्ध्या औंसाचं, ओठ (तोंडापुढची चपटी पट्टी) नसलेलं, आत छर्रे खुळखुळणारं लाल क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचं टणक आमिष. पाणी दहा-बारा अंश सेल्सियसवर आलं की बास अंडी घालायच्या आधी गवताच्या कडेला जमतात आणि क्रॉफिशवर (गोड्या पाण्यातल्या लालसर, शेवंडासारख्या जिवावर) ताव मारतात, म्हणून लाल. आमिष गवताच्या शेंड्यांना लागेल इतपत खोल ओढत आणायचं. गवतात अडकलं की ओढत राहायचं नाही. रॉडने फाडकन एक झटका देऊन सोडवायचं आणि सुटताक्षणी रॉड खाली आणून त्याला फडफडत पडू द्यायचं. मासा याच अर्ध्या सेकंदात मारतो. माझा आजवरचा सगळ्यात मोठा, सात पौंडांना थोडा वर (सव्वातीन किलो धरा), त्याच्याच बोटीत, त्याच्याकडून उसन्या घेतलेल्या आमिषावर मार्चमध्ये लागला. ते आमिष मी अजून परत केलेलं नाही. या आमिषाला तिहेरी गळ असतात, कडक रॉडने ते माशाच्या तोंडातून निसटतात. थोडा लवणारा रॉड हवा.

शरद ऋतूत शॅड नावाचे छोटे मासे जलाशयाच्या आत शिरलेल्या फाट्यांच्या टोकाला शिरतात, त्यांच्यामागे बास. तिथे चौकोनी ओठाचं क्रँकबेट बुंध्यांवर मुद्दाम आपटायचं आणि आपटलं की एक क्षण थांबायचं. एवढंच. पाण्यात बुंधा दिसत नसेल तर आधी तो शोधा. उन्हाळ्यातलं खोल पाण्यातलं लेजवरचं (पाण्याखालच्या उताराच्या कडेवरचं) गरवणं सोनार यंत्राशिवाय (आवाजाच्या लहरींनी तळ आणि मासे दाखवणारं) जमत नाही, त्यात मी पडत नाही.

बेडकाबद्दल मात्र सविस्तर. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत गंटर्सव्हिलचं गवत वर येऊन पाण्यावर गालिचा होतो. त्यावरून पोकळ रबरी बेडूक चालवायचा. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वरच्या बाजूला असतात, म्हणून अडकत नाहीत. इथे पातळ सामान चालत नाही: सव्वासात फुटी हेवी रॉड, पन्नास ते पासष्ट पौंडी वेणीची लाइन, कारण मासा लागल्यावर त्याच्यासोबत पाच-सहा किलो गवतही ओढायचं असतं. गालिचा मैलभर असतो, सगळा कसा मारणार? आमच्या क्लबाचा अध्यक्ष मोटर बंद करून कान देतो. गवताखालून चट्, चट् असे आवाज येतात. ब्लूगिल मासे पानांवरचे किडे खात असतात त्याचा तो आवाज. जिथे ब्लूगिल तिथे त्यांना खाणारा बास. आवाज नसलेलं गवत तो बघतही नाही.

बेडूक दोन-तीन झटक्यांत पुढे न्यायचा आणि गवतात जिथे थाळीएवढं भोक दिसेल तिथे थांबवायचा. मनात तीन आकडे मोजायचे. मग पाणी फुटतं, बेडूक नाहीसा होतो आणि नव्या माणसाचा हात झटका देऊन मोकळा होतो. बेडूक उडून त्याच्याच टोपीवर येतो. थांबायचं. रॉड पाण्याकडे झुकवा, ढील गुंडाळा, वजन हाताला लागलं की मगच कंबरेतून ओढा. बेडकाचे रबरी पाय लांब असतील तर कात्रीने अर्धे छाटा, नाहीतर मासा नुसते पायच धरतो.

गाठ पालोमार बांधा. आवळण्याआधी थुंकीने ओली करा; फ्लुरोकार्बन कोरडी ओढली तर घासून तापते आणि तिथेच तुटते. बास हातात घेताना ओल्या हाताने, अंगठा खालच्या ओठात घालून. त्याचे दात सँडपेपरसारखे असतात, दिवसाअखेर अंगठा खरबरीत होतो. क्लबात ते मिरवतात. मोठा मासा नुसत्या जबड्यावर आडवा धरून फोटो काढू नका, दुसरा हात पोटाखाली द्या. गळ घशात गेला असेल तर उपटत बसू नका, लाइन कापा. एप्रिलमध्ये उथळ पाण्यातला नर घरट्याची राखण करत असतो. तो लागला तर तिथल्या तिथे, लगेच सोडा. तो हलला की ब्लूगिल अंड्यांवर तुटून पडतात.

हो, सोडायचाच. आई दर रविवारी फोनवर विचारते, 'मगे कालवण केलंस काय?' सात पौंडांचा मासा पाण्यात परत सोडला हे तिला सांगायची माझी छाती झालेली नाही. खायला कायद्याची बंदी नाही (गंटर्सव्हिलवर लार्जमाउथ पंधरा इंचांपेक्षा लहान ठेवता येत नाही, एवढं लक्षात असू द्या), पण बासच्या माणसांत तशी रीत नाही. बी.ए.एस.एस. ही बास गरवणाऱ्यांची संस्था काढणाऱ्या रे स्कॉटने १९७२ पासून स्पर्धांमध्ये मासे जिवंत परत सोडायची मोहीम चालवली, ती अंगवळणी पडली. कालवणासाठी दुकानातला कॅटफिश आणा. तिरफळं मात्र घरून आणावी लागतात.

स्पर्धेला यायचं असेल तर नियम सोपे आहेत. एका बोटीत दोघं, दिवसाचे सर्वांत वजनदार पाच मासे, जिवंत. मेलेल्या माशाचं वजन कापतात. वजन पौंड-औंसांत होतं आणि औंसावरून भांडणं होतात. जागतिक विक्रमाचंही तेच: जॉर्जियात १९३२ मध्ये जॉर्ज पेरीने २२ पौंड ४ औंसांचा मासा धरला, जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिताने २००९ मध्ये त्याहून औंसभराला किंचित कमी इतका जड धरला. विक्रम मोडायला दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांची बरोबरी.

मागच्या सीटवर बसणाऱ्याने पेट्रोलचे निम्मे पैसे न मागता द्यावेत. लाइफ जॅकेट नीट बांधावं. चालवणाऱ्याने किल स्विचची (तो पाण्यात पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी अंगाला अडकवली आहे का ते बघावं. २०२१ पासून अशा लहान बोटींवर तो केंद्रीय कायदाच आहे. पुढच्याच्या डोक्यावरून आमिष फेकू नये. जूनपासून लाइव्हवेलमधलं (बोटीतल्या मासे जिवंत ठेवायच्या टाकीतलं) पाणी तापतं, तेव्हा दोन बाटल्यांत पाणी गोठवून आणा आणि बाटल्या बंदच ठेवून त्यात सोडा. बर्फ सुटा टाकू नका, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशाला सोसत नाही.