पिल्लाला शू-शीची शिस्त लावायची तर आधी पायपुसणी उचला

आमचा बंड्या दोन महिन्यांचा असताना घरी आला आणि दारातून आत पाऊल टाकताच पायपुसण्यावर शू करून मोकळा झाला. कुत्र्याची बहुतेक पिल्लं हेच करतात. साधारण तीन आठवड्यांची झाली की ती झोपायच्या जागेपासून जरा लांब जाऊन शू-शी करायला लागतात आणि आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास पायाखाली काय लागतं त्यावरून त्यांची आवड पक्की होऊ लागते. मऊ असेल, ओल शोषून घेत असेल ते पिल्लाला पसंत. मग ते पायपुसणं असो, सतरंजी असो, नाहीतर आजीची गोधडी. त्यामुळे शिकवायला बसण्याआधी घर आवरायला घ्या. पायपुसणी, गालिचे, जमिनीवरच्या गाद्या सवय पक्की होईपर्यंत माळ्यावर टाका. उघड्या फरशीवर झालेली शू पुसायला एक मिनिट लागतं.

मग जागा ठरवा, आणि एकदा ठरवली की बदलू नका. फ्लॅटमध्ये सगळ्यात सोयीची म्हणजे ड्राय बाल्कनी, कारण तिथे पाणी जायला जाळी असते. नसेल तर बाथरूमचा कोपरा. तिथे रद्दीचे चार-पाच थर अंथरा. ओला पेपर टाकताना त्याचा तळहाताएवढा तुकडा नव्या पेपरच्या खाली ठेवून द्या, म्हणजे पिल्लाला वासावरून जागा कळते.

‘सरळ खालीच का नेऊ नये?’ हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. कारण पार्व्हो. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाच्या जिवावर बेततो. लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. जिथे बाकीची कुत्री फिरतात त्या जमिनीवर पिल्लाला कधी उतरवायचं, हे तुमच्या व्हेटना विचारूनच ठरवा. तोवर पेपर. बंगला असेल आणि कंपाउंडमध्ये बाहेरची कुत्री येत नसतील, तर डॉक्टरांना विचारून अंगणातच सुरुवात करता येईल. तुमचे निम्मे कष्ट वाचले.

घड्याळ लावायचं ते स्वतःला

दोन महिन्यांचं पिल्लू फार तर दोन-तीन तास शू धरू शकतं, तेही झोपेत. जागं असताना दर तासाला न्यायचं, शिवाय झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, पाणी प्यायल्यावर आणि दंगा करून झाल्यावर. खाल्लं की आतडी हलू लागतात, त्यामुळे जेवणानंतर पाच ते तीस मिनिटांत शी होतेच. फ्रिजवर एक कागद चिकटवून वेळा लिहा. आठवडाभरात तुमच्या पिल्लाचं वेळापत्रक तुम्हाला पाठ होतं. आमच्याकडे पहिले चार दिवस मी बंड्याला दोष देत होते. पाचव्या दिवशी कागद नीट वाचला, तर घरातली प्रत्येक शू मी फोनवर असताना झालेली.

वेळ झाली की पिल्लाला उचलून न्या. चालवत नेलंत तर वाटेतच ठिपके पडतात. पेपरवर ठेवा आणि गप्प उभे राहा. खेळायचं नाही, बोलायचं नाही. शू सुरू झाली की हळू आवाजात ठरलेला एकच शब्द म्हणा. ‘शू कर’ पुरे, पण घरातल्या सगळ्यांनी तोच म्हणायचा. उरकलं की तिथेच, सेकंद-दोन सेकंदांत शाबासकी आणि उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा. स्वयंपाकघरात येऊन दिलात तर त्याला वाटतं, स्वयंपाकघरात आल्याबद्दल मिळाला. (मनुके मात्र कधीच नाहीत. कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना ते घातक असतात.)

पाच मिनिटांत काहीच झालं नाही तर? इथेच बहुतेक लोक फसतात. पिल्लाला आत आणून मोकळं सोडतात आणि ते सोफ्यामागे जाऊन उरकतं. आत आणा, पण मांडीवर धरा किंवा पट्टा लावून शेजारी ठेवा. दहा मिनिटांनी पुन्हा पेपरवर. होईपर्यंत असंच करत राहायचं.

एरवीही सुरुवातीला पिल्लू नजरेआड जाता कामा नये. मी जुनी ओढणी त्याच्या पट्ट्याला बांधून दुसरं टोक कमरेला खोचायचे आणि भाजी चिरायला बसायचे. तो जमीन हुंगत गोल फिरायला लागला किंवा खेळता खेळता एकदम थांबला, की ओढणी ताणली जायची आणि मला कळायचं. लक्ष ठेवणं शक्य नसेल तेव्हा क्रेट, म्हणजे दार असलेला कुत्र्यांचा पिंजरा, वापरा. त्यात पिल्लाला उभं राहता, वळता, पसरता यावं, एवढाच मोठा हवा. फार मोठा असेल तर एका कोपऱ्यात झोपून दुसऱ्यात शू करता येते. मात्र दिवसभर कोंडून ठेवलेलं पिल्लू नाइलाजाने झोपायच्या जागीच करतं आणि ती सवय मोडणं सगळ्यात अवघड.

रात्री त्याला तुमच्या पलंगाशेजारी झोपवा, म्हणजे चुळबुळ ऐकू येते. झोपण्यापूर्वी एकदा न्या आणि मध्यरात्रीनंतर एक-दोनदा गजर लावून उठा. मोठा दिवा लावू नका, लाड करू नका. नाहीतर रात्री तीनला खेळायचं असतं, असा त्याचा समज होतो.

नाक घासू नका

‘त्याचं नाक घास त्यात, म्हणजे कळेल’ हा सल्ला आमच्या सासूबाईंपासून वॉचमनकाकांपर्यंत सगळ्यांनी दिला. कळतं ते भलतंच. माणसांसमोर शू केली की मार बसतो, एवढंच पिल्लू शिकतं आणि पुढच्या वेळी पलंगाखाली जातं. वर तुम्ही पेपरजवळ उभे राहिलात तरी घाबरून धरून ठेवतं. कान पाडून ‘अपराधी’ चेहरा करतं ना, तो तुमच्या चेहऱ्यावरचा राग पाहून. करताना सापडलं तर हलकेच ‘अंहं’ म्हणून उचला आणि पेपरवर न्या. नंतर दिसलं तर मुकाट्याने पुसा.

पुसायचं कशाने, हेही महत्त्वाचं. अमोनिया असलेल्या क्लीनरचा वास शूसारखाच असतो, म्हणजे ‘इथेच कर’ अशी पाटी लावल्यासारखं. फिनाइलमधली काही रसायनं कुत्र्यांना विषारी असतात आणि पिल्लू फरशी चाटतं. आधी कागदाने टिपून घ्या, साबणाच्या पाण्याने पुसा, मग एन्झाइम क्लीनर, म्हणजे शूचा वास मुळापासून घालवणारं क्लीनर, वापरा. निम्मं पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगरही चालतं, पण फक्त सिरॅमिक टाइल्सवर. संगमरवर, शहाबादी किंवा कडाप्पा असेल तर आम्लाने फरशीवर कायमचे डाग पडतात.

खाण्याच्या वेळा ठरलेल्या हव्यात. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी वाटी उचला. दिवसभर वाटी भरलेली राहिली तर शीची वेळ सांगता येत नाही. दूध-पोळीचा आग्रह सोडा. पुष्कळ पिल्लांना दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि जुलाब झालेल्या पिल्लाला कसली शिस्त?

पेपरवरून मातीवर

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की ओल्या पेपरचा एक तुकडा सोबत घेऊन खाली जा आणि रोज त्याच कोपऱ्यात मातीवर ठेवा. शू झाल्या झाल्या घरी परतू नका, पाच मिनिटं फिरवा. नाहीतर ‘केलं की सहल संपते’ हे चाणाक्ष पिल्लं लगेच ओळखतात आणि अर्धा तास धरून ठेवतात. शी उचलायला पिशवी न्याच. सोसायटीत कुत्र्यांवरून होणारी निम्मी भांडणं याच पायी असतात. पावसाळ्यात काही पिल्लं ओल्या गवतावर पायच ठेवत नाहीत. मोठी छत्री घ्या, पार्किंगच्या कडेला कोरडी माती शोधा आणि घरचा पेपर इतक्यात बंद करू नका.

पाहुणे आले की आनंदाने किंवा भीतीने दोन थेंब गळतात, त्याला शिस्त लावत बसू नका. वयानुसार ते बहुधा आपोआप थांबतं. मात्र घडोघडी थेंब थेंब शू, त्यात रक्त, किंवा सवय लागलेलं पिल्लू अचानक घरात करायला लागणं, असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो.

बरीच पिल्लं चौथ्या ते सहाव्या महिन्यात मार्गी लागतात, छोट्या जातींना जरा जास्त वेळ लागतो. सलग महिनाभर घरात एकही शू झाली नाही की माळ्यावरची पायपुसणी काढा. सगळी एकदम नको. आधी स्वयंपाकघराबाहेरचं एक अंथरा आणि आठवडाभर बघा.