लग्नाच्या जुन्या कॅसेटचे रूपांतर करताना फ्रेम रेट कसा निवडावा

संगणकात उतरवलेली मूळ फाइल आधी ‘मीडियाइन्फो’ या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रे, म्हणजे फ्रेम) आणि स्कॅन टाइप (फ्रेम एकसंध टिपली की दोन भागांत) या दोन नोंदी वाचाव्यात. नियम सोपा आहे: मुळात जो आकडा असेल, तोच ठेवावा. २९.९७ म्हणजे ३०च, असे समजून त्याच फ्रेम ३० च्या गतीने चालवल्या आणि आवाज मूळचाच ठेवला, तर तासाभरात दोहोंमध्ये सुमारे साडेतीन सेकंदांची तफावत पडते.

‘३० केले की व्हिडिओ स्मूद होतो’ हा सल्ला तर मुळीच ऐकू नये. आपल्याकडच्या कॅसेट पाल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या असतात. ३० मागितल्यावर सॉफ्टवेअर सहसा दर पाच फ्रेममागे एका फ्रेमची नक्कल घालते. मांडवात बसलेल्या पाहुण्यांवर हे कळत नाही. पण आमच्या सांगलीच्या घरातील लग्नाच्या मिनी डीव्ही कॅसेटमध्ये कॅमेरा आयर्विन पुलाच्या कमानींवरून आडवा फिरतो, तिथे प्रत्येक कमान सेकंदाला पाच वेळा अडखळत पुढे सरकते. हा उद्योग माझाच होता.

तो निस्तरताना मी २५ वर परतलो आणि दुसऱ्या खड्ड्यात पडलो. स्कॅन टाइपसमोर ‘इंटरलेस्ड’ लिहिलेले असेल, तर २५ हा आकडा अर्धेच सांगतो. अशा प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड असतात, एक सम ओळींचे आणि एक विषम ओळींचे, आणि ती निरनिराळ्या क्षणी टिपलेली असतात. म्हणजे हालचालीच्या नोंदी सेकंदाला ५० असतात. नेहमीच्या डीइंटरलेसने, म्हणजे दोन फील्डची एक सलग फ्रेम करून, २५ फ्रेम केल्या, की त्यांतील निम्म्या नोंदी जातात आणि वरातीतील हलगीवाल्याचा हात तुटक दिसू लागतो. म्हणून ‘हँडब्रेक’ या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेसचा ‘बॉब’ पर्याय (प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम करणारा) घेऊन फ्रेम रेट ५० ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. यूट्यूबलाही ५० चालतात. फाइल मोठी होते, ती होऊ द्यावी.

फील्डचा क्रमही तपासावा. पाल डीव्हीमध्ये खालचे फील्ड आधी येते, तर व्हीएचएस उतरवणारी काही यंत्रे वरचे आधी देतात. क्रम उलटा लागला, तर हात पुढे जाऊन मागे येतो आणि पुन्हा पुढे जातो. मी तीन तासांची पूर्ण फाइल तयार झाल्यावर हे पाहिले. तुम्ही भरपूर हालचाल असलेला वीस सेकंदांचा तुकडा आधी करून पाहावा. अक्षता पडतानाचा तुकडा त्यासाठी उत्तम.

त्याच लग्नात मोबाइलचे शूटिंग जोडायचे असेल, तर मोबाइलचा फ्रेम रेट बहुधा कमीजास्त होत असतो. संकलनाआधी तो ‘कॉन्स्टंट’, म्हणजे एकसारखा, करून घ्यावा.