मिल ‘बंद झाली’ की ‘बंद आहे’?

बंद मिलच्या कामगारांसाठीची माझी पहिली प्रश्नावली अकरा पानांची होती. तिसऱ्याच घरी तिची वाट लागली.

२०२२ची गोष्ट. इंदूरला मालवा मिलच्या बाजूच्या वस्तीत एका काकांना विचारलं, “मिल बंद झाल्यावर दुसरं काम किती दिवसांनी मिळालं?” ते म्हणाले, “बंद झाली कुठे? बंद आहे.” मला वाटलं, थट्टा करताहेत. पण काका होते हुकुमचंद मिलचे. तिचा भोंगा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबला होता आणि कामगारांची देणी अजून अडकलेली होती. त्या देण्यांचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला तो पुढे, २५ डिसेंबर २०२३ला. मधली तीस वर्षं काकांनी रखवालदारी केली, भाजीची गाडी लावली, आणि स्वतःला मिलवालेच म्हणवत राहिले. माझ्या तक्त्यात ‘वाट पाहणे’ असा रकानाच नव्हता.

एखाद्या भागाचा मुख्य धंदा बसला की तो भाग कसा सावरतो, हा आमचा विषय. यात येणारा प्रत्येक जण आधी जर्मनीतल्या रूर या जुन्या कोळसा-पट्ट्याबद्दल वाचतो, मीही वाचलं. तिथली त्सोलफेराइन ही कोळशाची खाण १९८६ला बंद, २००१ला जागतिक वारसा. ते वाचून मीही उत्साहात मिलच्या चिमण्यांचं संग्रहालय करा असं लिहून मोकळा झालो होतो! नंतर तारखा नीट लावल्या. तिथे दगडी कोळशाचं संकट १९५८ला सुरू झालं आणि शेवटची खाण बंद झाली २०१८ला. साठ वर्षं मिळाली, खाणकामगारांना लवकर निवृत्तीची सोय मिळाली. आमच्याकडे फाटकाला कुलूप लागलं. शिवाय रूरमधल्याच बोखुम शहरात खाणींच्या जागी आलेला ओपेलचा मोटारींचा कारखानाही २०१४ला बंद पडलाच. तेव्हा रूरकडून उपाय उचलण्याआधी तिथे किती वेळ आणि कुणाचा पैसा लागला, ते विचारा.

आकडेवारीत दोन खड्डे आहेत, दोन्हींत मी पडलोय. एक, जिल्ह्याची हद्द. इंदूरची माणसं रोज शेजारच्या पीथमपूरच्या कारखान्यांत कामाला जातात, पण पीथमपूर धार जिल्ह्यात. नुसते इंदूर जिल्ह्याचे कारखाने मोजले की ह्या नोकऱ्या गायब. दुसरा, सरकारचं उद्योगांचं वार्षिक सर्वेक्षण. माझ्या त्या कामाच्या वेळी त्यात यायचे ते वीज वापरणारे दहा किंवा जास्त कामगारांचे कारखाने. विजेविना असेल तर वीस. घरी बसून केलेलं काम त्यात दिसतच नाही. त्या काकांचं घर चाललं ते काकूंच्या शिलाई मशीनवर, राजवाड्याकडच्या रेडीमेडवाल्यांचा माल घरी शिवून. हे मला काकूंनी सांगितलं, तेही मी निघताना दारात. त्याआधीचा दीड तास मी फक्त काकांनाच विचारत बसलो होतो.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी वस्तीत केव्हा जावं? अनंत चतुर्दशीच्या आधीच्या आठवड्यात. मिली गेल्या तरी चतुर्दशीच्या मिरवणुकीत त्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे फिरते देखावे, निघतात, आणि त्या बनतात तिथे जुने कामगार जमतात. प्रश्नावली पिशवीतच ठेवा. मला पहिली खरी मुलाखत मिळाली ती “भिया, ही माळ धर जरा” म्हणून कुणीतरी बल्बांची माळ हातात दिल्यावर. दोन तास धरून उभा होतो.